मार्च एंडला रजा

तेहतीस वर्षं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात
मला ताप आला नाही,
आमच्या घरात कुणाचं लग्न निघालं नाही,
नणंदेच्या सासऱ्यांनीसुद्धा पाच एप्रिलपर्यंत दम काढला.
गणपती पेठेतल्या पतसंस्थेत आम्ही दोघी,
मी खतावणीवर, रेहाना मुजावर कॅशला,
आणि रात्री बारा वाजून गेल्यावर
ताळेबंदात नऊ रुपयांचा फरक.
तो शोधताना भडंगाचा पुडा फुटायचा,
लेजरच्या पानांत लसूण मिळायचा पुढं जूनपर्यंत.

आणि आता कळतंय,
ती झाडं नेमकी तेव्हाच फुलतात.
आम्ही व्हाउचरं टाचत असताना
तिकडं एक अख्खा देश
मान वर करून उभा.

नकाशा पुढच्या खोलीत लावलाय,
पुराच्या रेघेच्या चार बोटं वर.
(दोनदा रंग दिला, रेघ खालून येतेच.)
टोकियो उजवीकडं, खिडकीच्या चौकटीला खेटून,
क्योटो मधे, आणि हिरोशिमा
पार खाली, जवळजवळ रेघेला टेकलेलं.
त्या शहरातनं सहा नद्या वाहतात, रेहानानं वाचलंय.
"काठावरची माणसं," म्हणाली, "ओळखतील आपल्याला."

व्हिसाला सहा महिन्यांचं स्टेटमेंट लागतं.
जन्मभर दुसऱ्यांच्या पासबुकावर शिक्के मारले,
परवा काउंटरच्या अलीकडं उभी राहिले.
नवा पोरगा म्हणाला, "काकू, कशासाठी?"
म्हटलं, फुलं बघायला.
त्यानं जरा थांबून 'पर्यटन' लिहिलं.

पुण्याहून मुलगा सांगतो, टूरबरोबर जा,
पुढं झेंडी धरलेला माणूस असतो.
रेहाना म्हणते, त्याला सांग,
कॅश मोजायला आम्हाला कधी दुसरं माणूस लागलं नाही.
येन मोजायचे म्हणून ती आत्तापासून बोटं ओली करते.

सूपात मासा असतो म्हणे,
दिसत नाही, पण असतो.
तिला चालतो, मला नाही,
आणि मला काय काय चालत नाही ते तिला पाठ आहे.
दशम्या, शेंगदाण्याची चटणी दोन किलो,
शेवटी तिच्या अक्षरात: हळद.
हळद कशाला गं?
"सांगलीची माणसं रिकाम्या हातानं जातील होय?"

पाडवा एकोणीसला, तो तेवढा पक्का.
ईद विसाच्या आसपास, चंद्रावर.
फुलं सत्तावीसच्या आसपास, थंडीवर.
फुलांचं भाकीत रोज बदलतं,
हळदीच्या सौद्यासारखं,
सकाळी एक आकडा,
रुमालाखाली बोटं हलली की दुसरा.
तरी एका दुपारी, चहा निवेपर्यंत विचार करून,
तिकिटं काढली. पैसे परत मिळत नाहीत अशी.

काल भाकीत पाच दिवस अलीकडं आलं.

मी कॅलेंडर उलटं धरून बघितलं, सुलटं धरून बघितलं.
फरक जाईना.
रेहानानं चष्मा पुसला.
"मग पडलेली बघू," म्हणाली.
"तुझ्या शेवग्याखाली दर साली तेच करतो की,
चपला हातात घेऊन चालतो."

एकतीसला क्योटोत.
तिकडचं घड्याळ साडेतीन तास पुढं,
म्हणजे पेठेत साडेआठ वाजता,
नुसत्या बेरजाच चालल्या असतील तेव्हा,
आमचं वर्ष संपलेलं.

हे तिला वहीत आकडे मांडून दाखवलं.
तिनं दोनदा तपासलं, बरोबरची खूण केली,
मग म्हणाली,
"फोन चालू ठेवायचा का त्या रात्री?
पोरांना नऊ रुपये सापडले नाहीत तर?"

ठेव, म्हटलं.